‘नवशिक्यांसाठी’ वर्गणीतली शिळी माहिती : तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जहाज-मागोवा ॲप विभाग

विषय : जुनी व अंदाजी ठिकाणं ‘लाइव्ह’ म्हणून दाखवणे, वेळा चुकीच्या दाखवणे आणि निरीक्षणाच्या धोकादायक जागा सुचवणे.

महोदय/महोदया,

मुंबई बंदरात जहाजं बघणारे आम्ही सर्व खाली सही करणारे आपल्या ॲपचे पैसे भरलेले ग्राहक आहोत. ‘नवशिक्यांसाठी’ या वार्षिक वर्गणीच्या जाहिरातीत ‘किनाऱ्यावर उभे राहा, समोरचं जहाज ओळखा’ असं वचन आहे. जहाजं आपलं ठिकाण, वेग, दिशा रेडिओवरून प्रसारित करतात त्या एआयएस यंत्रणेच्या मर्यादा आम्हाला ठाऊक आहेत आणि त्यांचा दोष आम्ही आपल्याला देत नाही. त्या मर्यादा आपण पडद्यावरून गायब केल्या आहेत, ही आमची तक्रार आहे. जाणकार माणूस पाच जागी टिचक्या मारून खरं काय ते शोधून काढतो. नवखा समोरच्या हिरव्या बाणावर विश्वास ठेवतो आणि रिकामा समुद्र बघत बसतो.

सगळ्यात गंभीर बाब ठिकाणाच्या वयाची. मोठ्या जहाजावरचा ‘अ’ वर्गाचा संच चालू असताना वेगाप्रमाणे दर २ ते १० सेकंदांनी आणि नांगरावर किंवा धक्क्याला असताना दर ३ मिनिटांनी आपलं ठिकाण प्रसारित करतो. किनाऱ्यावरच्या रिसीव्हरला ते ऐकू आलं तर नकाशा ताजा. ऐकू आलं नाही की आपलं ॲप शेवटचा वेग आणि शेवटची दिशा धरून जहाज सरळ रेषेत पुढे ढकलत राहतं, तेही त्याच हिरव्या रंगात. बंदराच्या तोंडाशी जहाजं वळतात, आपली रेषा वळत नाही. सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये न्हावा शेवा बंदराकडे निघालेलं एक कंटेनर जहाज उरणच्या जमिनीवर चढलेलं स्पष्ट दिसतं. त्यावर आपल्या ग्राहक सेवेचं उत्तर होतं : ‘कृपया आपलं इंटरनेट तपासा.’ इंटरनेट ठणठणीत आहे, जहाज तेवढं डोंगरावर आहे.

हिशेब साधा आहे. ठिकाण ४० मिनिटं जुनं आणि वेग १२ नॉट (तासाला १२ सागरी मैल) असेल, तर जहाज शेवटच्या नोंदीच्या जागेपासून ८ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १५ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. हे ४० मिनिटांचं वय आपण ‘अधिक माहिती’, मग ‘तांत्रिक’, मग ‘नोंदी’ अशा तीन पायऱ्या उतरल्यावर बारीक करड्या अक्षरांत दाखवता.

उपग्रहावरून आलेल्या ठिकाणांचंही तेच. एआयएसच्या दोन वाहिन्यांवर प्रत्येकी मिनिटाला २२५० खाचा (संदेश पाठवायचे वेळेचे बारीक तुकडे) असतात आणि एकमेकांना ऐकू येणारी जहाजं त्या आपसांत वाटून घेतात. उपग्रहाला मात्र एकमेकांना न ऐकू येणारे असे कितीतरी गट एकदम ऐकू येतात, संदेश एकमेकांवर आदळतात आणि गर्दीच्या पाण्यात बरेचसे वाया जातात. त्यामुळे उपग्रहाचं ठिकाण तासन्‌तास जुनं असू शकतं. असू द्या. पण त्याचा रंग किनाऱ्यावरून मिळालेल्या ठिकाणापेक्षा वेगळा हवा, आणि अंदाजाने पुढे सरकवलेल्या जहाजाचा बाण पोकळ हवा.

दुसरी बाब वेळेची. जहाजावरून प्रसारित होणारी अपेक्षित आगमनाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. आपण ती जशीच्या तशी छापता, शेजारी कुठली वेळ याचा पत्ता नाही. पडद्यावर ०२:३० दिसलं म्हणून कोणी मध्यरात्री अलार्म लावतो. प्रत्यक्षात ते भारतातले सकाळचे ८. शिवाय ही वेळ जहाजावरच्या अधिकाऱ्याने हाताने भरलेली असते, त्यात वर्ष नसतं आणि मागच्या फेरीची नोंद तशीच राहून गेलेली आढळते. वेळ बरोबर असली तरी ती पुष्कळदा पायलट (जहाज बंदरात नेणारा वाटाड्या) चढण्याच्या जागेची असते. पुढे धक्का मोकळा होईपर्यंत जहाज नांगरावर पडून राहू शकतं. ‘धक्क्याला लागलं’ असा संदेश या वेळेवरून पाठवणं बंद करा.

गंतव्यही हातानेच भरलेलं, जास्तीत जास्त २० अक्षरांचं. मुंबईचा ठरलेला बंदर-संकेत आयएनबीओएम आणि न्हावा शेवाचा आयएनएनएसए. खलाशी त्याऐवजी जेएनपीटी (न्हावा शेवा बंदराचंच दुसरं नाव), नुसतं मुंबई किंवा ‘आदेशाची वाट’ असलं काहीही लिहितात. आपण या सगळ्याला ‘मुंबई’ समजून सूचना पाठवता. स्थितीची नोंदही कोणीतरी बदलावी लागते, म्हणून ११ नॉटने धावणारं जहाज आपल्याकडे ‘नांगरावर’ दिसतं. वेग समोर असताना त्याच्याशी पडताळणी करायला काय हरकत आहे?

‘आता दिसणारी जहाजं’ ही यादी तर निव्वळ फसवी आहे. आपण माणसाभोवती २५ सागरी मैलांचं वर्तुळ काढता आणि आतलं सगळं दिसतं असं धरता. पृथ्वीचा गोलावा धरला तर अंतर निघतं असं : डोळ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ अधिक जहाजाच्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले २.०८. डोळा पाण्यापासून ४ मीटरवर आणि जहाजाचा माथा ३६ मीटरवर असेल तर उत्तर साधारण १६.६ सागरी मैल, तेही हवा स्वच्छ असेल तर आणि दिसणार फक्त माथा. जहाज पाण्याच्या रेषेपर्यंत दिसायला ते ४ मैलांच्या आसपास हवं. आणि मधल्या जमिनीचं काय? मरीन ड्राइव्हचं तोंड पश्चिमेला, बंदर शहराच्या पूर्वेला. बंदरातल्या जवाहर द्वीपाला लागलेला टँकर मरीन ड्राइव्हवरून ‘दिसेल’ असं आपलं ॲप बिनदिक्कत सांगतं. तो दिसण्यासाठी आधी अख्खी दक्षिण मुंबई बाजूला सरकवावी लागेल.

याच यादीतली ‘उत्तम जागा’ची एक खूण नौदल गोदीच्या भिंतीला लागून आहे. हा विनोदाचा विषय नाही. संरक्षण आणि बंदर हद्दीत छायाचित्रणाला बंदी असते. आपल्या खुणेच्या भरवशावर लांब लेन्स घेऊन तिथे उभा राहिलेला मुलगा पोलीस चौकीत जाऊ शकतो. ही खूण पत्र मिळताच काढावी. गेटवेचा परिसर, मांडवा जेट्टी आणि भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोचा (वाहनंही नेणाऱ्या बोटीचा) प्रवास यांतून येणारी-जाणारी जहाजं छान दिसतात, पण त्यांतली एकही जागा आपल्या यादीत नाही. फोटोबद्दल तिथेही स्थानिक सूचना पाळायच्याच.

नांगरावरच्या जहाजांचे बाणही उलटसुलट दाखवता. थांबलेल्या जहाजाची सरकण्याची दिशा म्हणजे जीपीएसची थरथर, तिला अर्थ नसतो. बाण नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) दिशेवरून काढायचा असतो, आणि ती ५११ आली तर ‘उपलब्ध नाही’ असं समजून बाणाऐवजी ठिपका द्यायचा असतो. वारा फार नसेल तर नांगरावरची जहाजं प्रवाहाकडे तोंड करतात. भरतीला नाळ समुद्राकडे, ओहोटीला बंदराच्या आत. नवख्याला भरती-ओहोटी वाचायला शिकवणारी ही सोपी खूण आपल्या नकाशावर विस्कटून जाते.

फोटो नावावरून जोडणंही थांबवा. जहाजं विकली गेली की त्यांची नावं बदलतात, एकाच नावाची अनेक जहाजं असतात. आयएमओ क्रमांक (जहाजाची सात आकडी ओळख) मात्र बदलत नाही आणि तो बाहेरून किमान २० सेंटिमीटर उंचीच्या आकड्यांत रंगवलेला असतो. चुकीचा क्रमांक पकडणंही अवघड नाही : पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा. ९०७४७२९ ची बेरीज १३९ येते, म्हणजे क्रमांक बरोबर. वापरकर्त्यांनी चढवलेल्या फोटोंना एवढी चाळणी लावता आली असती.

आमच्या मागण्या : प्रत्येक बाणाशेजारी ठिकाणाचं वय आणि स्रोत पहिल्याच पडद्यावर दाखवावा. वेळा भारतीय प्रमाणवेळेत द्याव्यात व हाताने भरलेली माहिती तशी स्पष्ट नोंदवावी. दिसणाऱ्या जहाजांची यादी दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावी. आणि ‘नवशिक्यांसाठी’ वर्गणी घेतलेल्यांना उरलेल्या काळाचे पैसे परत करावेत. पुढच्या वर्षाचं कूपन नको.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. उत्तर मराठीत दिलं तरी चालेल, मात्र ते यंत्राने पाठवलेलं नसावं.

कळावे,
आपले ग्राहक
(सह्या सोबतच्या पानावर)

सोबत : वर्गणीच्या पावत्या, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार.