पहिला फोटो शीर्षकपानाचा

मा. शिक्षणमंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर यांस

विषय: इयत्ता नववीपासून संदर्भ देणे आणि ऑनलाइन नोंदी ठेवणे शिकवण्याबाबत

सादर नमस्कार.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर गेले की नोंदणीच रद्द. पुढच्याच वर्षी पीएच.डी.साठी संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. म्हणजे संदर्भ कसा द्यायचा हे विद्यार्थ्याला रीतसर सांगितले जाते ते पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर. प्रकल्पवह्या तो शाळेपासून लिहीत असतो. मधल्या दहा-एक वर्षांत त्याच्या हाताला सवय लागते ती शेवटच्या पानावर ‘संदर्भ: गूगल, विकिपीडिया’ असे लिहून मोकळे होण्याची.

त्या नियमांचा अर्थही मग चुकीचा लावला जातो. श्रेय देऊन अवतरणचिन्हांत घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची मोजायची नाही, योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य सोडून द्यायचे, हे नियमांतच लिहिले आहे. विद्यार्थ्यांच्या कानावर मात्र एवढेच पडते की ‘दहा टक्के चालतात’. मग परिच्छेद उचलायचा आणि दर चार शब्दांमागे एक बदलायचा. ‘महत्त्वाचे’चे ‘मोलाचे’ होते, टक्का खाली येतो, उचल होती तशीच राहते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: यातली बरीचशी उचल नोंद घेताना होते, लिहिताना नव्हे. मुलगी ग्रंथालयात बसून पुस्तकाच्या सहा पानांचे फोटो काढते. फोनमध्ये ते नुसत्या आकड्यांच्या नावाने साठतात. त्यांत शीर्षकपान नसते, दोन पानांचे क्रमांक कापले गेलेले असतात. एका संकेतस्थळावरचा उतारा ती स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करते आणि पत्ता मागे राहतो. तीन आठवड्यांनी लिहायला बसल्यावर समोरचे वाक्य पुस्तकातले, संकेतस्थळावरचे की आपलेच, हे तिला खरोखरच सांगता येत नाही. तपासणीचे सॉफ्टवेअर तिला इथे पकडेल. ते कसे टाळायचे हे मात्र शिकवणार नाही.

म्हणून पहिला धडा फोनचाच हवा. पहिला फोटो शीर्षकपानाचा (मुखपृष्ठाचा नव्हे, त्यावर बहुधा प्रकाशनवर्ष नसते), दुसरा त्याच्या पाठच्या पानाचा, जिथे प्रकाशक, गाव, वर्ष आणि आवृत्ती असते. त्यानंतर हवी ती पाने, क्रमांक चौकटीत येईल अशी. पाठच्या पानावर बहुधा दोन वर्षे छापलेली असतात, पहिल्या आवृत्तीचे आणि हातातल्या पुनर्मुद्रणाचे. पृष्ठांक हातातल्या प्रतीचे, तेव्हा वर्षही तिचेच द्यायचे. घरी आल्यावर त्याच दिवशी फोल्डरला नाव द्यायचे: आडनाव, वर्ष, शीर्षकातले दोन शब्द.

दुसरा धडा नोंदीचा. गूगल शीट्समधला साधा तक्ता पुरतो. रकाने नऊ: क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक व गाव, वर्ष, पृष्ठ, दुवा, पाहिल्याची तारीख आणि शेवटी नोंद. नोंदीच्या सुरुवातीला एक अक्षर सक्तीचे: ‘उ’ म्हणजे जसाच्या तसा उतारा, अवतरणचिन्हांसह, ‘सा’ म्हणजे आपल्या शब्दांत सारांश, ‘मी’ म्हणजे स्वतःचा विचार. सगळी पद्धत या एका अक्षरावर उभी आहे. एका ओळीत एकच नोंद, आणि प्रत्येक ओळीत पृष्ठांक पुन्हा लिहायचा. ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच पुस्तकात’) तक्त्यात चालत नाही, कारण ओळींचा क्रम बदलला की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटते. उतारा दोन पानांवर पसरला असेल तर पान जिथे उलटते तिथे तिरकी रेघ मारावी. पुढे त्यातला अर्धाच भाग वापरायचा ठरला तर कोणते पान लिहायचे, हा प्रश्न उरत नाही. सारांश पुस्तक मिटून लिहायचा. पुस्तक उघडे ठेवून लिहिलेला सारांश बहुतेक वेळा उताराच असतो, फक्त क्रियापदे बदललेला.

संकेतस्थळांचे दुखणे वेगळे. पाने हलतात, सरकारी पाने तर फारच. पाहिल्याची तारीख लिहिणे ही किमान गोष्ट. त्यापुढे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान जतन करून तो दुवा तक्त्यात ठेवता येतो, त्याला मिनिटभर लागते. विकिपीडियाचा आधार घ्यायचाच असेल तर ‘इतिहास’मध्ये जाऊन त्या दिवशीच्या आवृत्तीचा दुवा घ्यावा, कारण लेख उद्या बदललेला असेल. आपल्या गांधीनगरातल्याच इन्फ्लिबनेट या संस्थेच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात प्रबंधांची प्रकरणे वेगवेगळ्या फायलींत असतात. विद्यार्थी फायलीचे नाव उतरवतात आणि यादीत ‘चॅप्टर ३’ नावाचा स्रोत येऊन बसतो. तिथे नोंदीच्या मुख्य पानावरचा कायमचा ‘हँडल’ दुवा घ्यायचा असतो.

आता सॉफ्टवेअर. झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची यादी करून देणारे सॉफ्टवेअर मोफत आहे, वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्सला जोडता येते, खात्यावर ३०० एमबी जागा फुकट मिळते. नोंदींसाठी ती भरपूर, पण स्कॅन केलेली पुस्तके टाकली तर आठवड्यात भरते. तेव्हा फायली ड्राइव्हवर आणि नोंदी झोटेरोत. गटाचे सामायिक ग्रंथालयही करता येते, शिक्षकांना नोंदी वाढताना दिसतात. मात्र मराठी-गुजरातीसाठी ते डोळे झाकून वापरता येत नाही. आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला की मराठी पुस्तकाची माहिती पुष्कळदा रोमन लिपीत, डोक्यावर रेघा असलेल्या स्वरांसह येते. १९७० च्या आधीच्या पुस्तकांना तो क्रमांकच नसतो. संकेतस्थळावरून माहिती ओढली तर लेखकाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’ येतो. इंग्रजी शैली निवडली असेल तर मराठी यादीत मध्येच रोमन ‘एट अल’ उगवते, ते हाताने काढून ‘व इतर’ करावे लागते. म्हणून आधी तक्ता हाताने भरायला शिकवावे आणि झोटेरो अकरावीनंतर द्यावे. कोणत्या रकान्यात काय जाते हे ज्याला कळते, त्यालाच यंत्राची चूक दिसते.

वडोदऱ्यात आणखी काही पेच आहेत, आणि ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. गावाचे नाव जुन्या मराठी पुस्तकांवर ‘बडोदे’, इंग्रजीवर ‘बरोडा’, १९७४ नंतर ‘वडोदरा’. यादीत शीर्षकपानावर असेल तेच लिहावे, शोधताना मात्र तिन्ही घालून पाहावीत. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. गुजराती पुस्तकावरचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेकडचा चैत्रात. गुजराती संवत १९६६ म्हणजे इ.स. १९०९-१०, नुसते ५७ वजा करून १९०९ लिहिणारा त्या वर्षाचा मोठा भाग चुकवतो. शालिवाहन शक दिलेला असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे. मोडी कागदांवरच्या सुहूर सनात (जुन्या अरबी कालगणनेत) ५९९ किंवा ६००. मूळ सन आधी, इसवी सन कंसात, हा क्रम कधी उलटू नये, कारण आपला हिशेब चुकला तरी पुढच्या वाचकाला तो दुरुस्त करता येतो. दप्तरातल्या कागदाचा फोटो काढताना दप्तर आणि रुमाल (कागद बांधलेले कापडी गाठोडे) यांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी फोटोतच ठेवावी.

आणि एक बारीकशी गोष्ट. ‘वडोदऱ्यात’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने शोधले तर दुसरा बहुधा सापडत नाही. जुन्या फाँटमधल्या पीडीएफमधून मजकूर चिकटवला तर अक्षरांचा चिवडाच होतो. अशा वेळी मजकूर हाताने टंकावा, दुसरा शहाणा मार्ग नाही.

आमची मागणी नववीत ४० मिनिटांच्या सहा तासिकांची आहे. पहिली शीर्षकपानाची, दुसरी तक्त्याची, तिसरी उ-सा-मी या खुणांची, चौथी संकेतस्थळांची, पाचवी फक्त नोंदींवरून लिहिण्याची. सहाव्या तासिकेत वह्यांची अदलाबदल: शेजाऱ्याच्या यादीतले पाच संदर्भ शोधून काढा, पान उघडून दाखवा. चॅटबॉटने रचलेले संदर्भ इथेच गळतात. लेखक खरा, प्रकाशक खरा, वर्षही पटण्यासारखे, फक्त ते पुस्तक कुणी लिहिलेलेच नसते. २० गुणांच्या प्रकल्पात ५ गुण या तक्त्याला असावेत आणि तक्ता लेखन सुरू होण्याआधी पाहिला जावा. नंतर मागितला तर मुले तो उलट्या दिशेने, प्रकल्पावरून तयार करतात.

शिकवायचे कुणी, हा आपला पहिला प्रश्न असेल. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. नव्या साक्षरांच्या हाती पुस्तके पडावीत म्हणून १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले, आणि १९११ साली इथेच ग्रंथपालांचा वर्ग भरला. त्या कामातून उभी राहिलेली वडोदऱ्याची सेंट्रल लायब्ररी आज राज्य सरकारचीच आहे. दर शनिवारी तिथे तीस शिक्षकांची एक नवी तुकडी बसवली तर शाळेच्या एका सत्रात, सुट्ट्या वगळून, साधारण साडेचारशे शिक्षक तयार होतील. जागा आहे, पुस्तके आहेत, ग्रंथपालांची रिकामी पदे तेवढी भरावी लागतील. त्याशिवाय हे जमणार नाही, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो.

सहा तासिकांचा आराखडा, रिकामा तक्ता आणि भरलेल्या दहा ओळींचा नमुना मराठीत व गुजरातीत सोबत जोडला आहे. या पत्राची गुजराती प्रतही त्यातच आहे.

आपले,
वडोदऱ्यातील काही ग्रंथपाल आणि शिक्षक