काच धरायची कशी

प्रिय मित्रा,

इतकी वर्षं यंत्रांची ड्रॉइंग काढल्यावर ऑप्टोमेकॅनिक्सच्या, म्हणजे भिंगं-आरसे नेमक्या जागी धरून ठेवण्याच्या तंत्राच्या, प्रयोगशाळेत जाऊन नवीन काय शिकणार, असं तू विचारलंस. मी म्हणेन, जाच. ते प्रशिक्षण मी नुकतंच संपवलंय. आपल्याला वस्तू घट्ट धरायची सवय, आणि काचेला नेमका तोच घट्टपणा सोसत नाही. हे कागदावर कळतं, पण पटतं ते हाताने केल्यावरच.

सुरुवातीला टेबलावर एम-६ बोल्टने पोस्ट (आरसे-भिंगं धरणारे छोटे खांब) बसवणं, अंगठी-घड्याळ काढून ठेवणं, लेझरच्या पातळीत डोळा न आणणं, एवढंच. खरी गोडी किनेमॅटिक माउंटपासून, म्हणजे आरशाची प्लेट तीन गोळ्यांवर टेकवणाऱ्या धारकापासून. कुठल्याही वस्तूला हालचालीच्या वाटा सहाच: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. प्लेटखालची एक गोळी शंकूसारख्या खड्ड्यात बसते आणि तीन वाटा अडवते, दुसरी व्ही-खाचेत दोन, तिसरी सपाट जागेवर एक. झाल्या सहा! तिवई कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही, तशी ही प्लेट. उचलून परत ठेवली तरी तिथेच बसते. चौथा टेकू दिलास की प्लेट एक तर डगमगेल, नाहीतर वाकेल.

मग दोन आरसे आणि दोन आयरिस, म्हणजे मधे बारीक भोक असलेले पडदे. पहिल्या आरशाने किरण जवळच्या आयरिसच्या मध्यावर आणायचा, दुसऱ्याने दूरच्या. एक जुळवलं की दुसरं थोडं बिघडतं, पण दर खेपेला कमी. आरसा तिरका करणाऱ्या स्क्रूला इंचाला ८० आटे, म्हणजे एका फेरीत जेमतेम ०.३२ मिलिमीटर. पण टेकूपासून स्क्रू ४० मिलिमीटरवर असेल, तर दोन मीटरवरचा ठिपका तेवढ्यात ३२ मिलिमीटर सरकतो, कारण आरसा जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. म्हणून स्क्रू बोटांच्या टोकांनीच फिरवायचा. ती सवय लागायला वेळ लागतो आणि तो द्यावा.

मला सगळ्यात भिडला तो ताणाचा प्रयोग. एकमेकांना आडवे ठेवलेले दोन पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या चकत्या), मधे काच, सगळं काळं. काच बाजूने दाबून धरणारा सेट-स्क्रू जरासा आवळला की त्या टोकापासून काचेत उजेड पसरू लागतो. दाब डोळ्यांना दिसतो रे! यापुढे ड्रॉइंगवर सेट-स्क्रू दाखवताना हात थबकेल.

मायकेल्सन इंटरफेरोमीटर एकच किरण दोन वाटांनी पाठवून परत जुळवतो, तेव्हा उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. त्यावरचा हेलियम-निऑन लेझर ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा. आरसा त्याच्या निम्म्याने सरकला की एक पट्टा पुढे जातो. आरसा किरणाच्या दिशेने १०० मिलिमीटर लांब ॲल्युमिनियमच्या आधारावर असला, तर एका अंशाच्या उष्णतेने तो २.३ मायक्रोमीटर लांबतो, म्हणजे सात पट्टे. तेवढीच इन्व्हारची, म्हणजे उष्णतेने फारच कमी वाढणाऱ्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची, दांडी अर्धा पट्टाही हलवत नाही. १८९६ मध्ये स्विस भौतिकशास्त्रज्ञ गियोमने हा मिश्रधातू शोधला. १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते अशाच कामासाठी.

पण चांगला धातू पुरेसा नसतो. हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं अंतर मोजणारी दांडी इन्व्हारचीच होती. तिच्या टोकावरच्या टोपीचा काळा रंग उडाला होता, प्रकाश दांडीऐवजी टोपीवरून परतला आणि एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं. आरसा अतिशय सफाईने घासला गेला, पण चुकीच्या आकारात: कडेला २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिची नजर सुधारली. गणित बरोबर होतं. जुळणी करणाऱ्या हातांनी पाहायची गोष्ट राहून गेली. म्हणूनच तुझ्यासारख्या जुळणी जाणणाऱ्या माणसाने या कामात यावं असं मला मनापासून वाटतं.

तू म्हणालास त्या लेन्स-होल्डरचं ड्रॉइंग पाठव. त्याआधी एक बघ: रिटेनिंग रिंग (लेन्स जागी दाबून ठेवणारी आट्यांची कडी) लेन्सला जिथे टेकते, त्याच्या बरोबर समोर पलीकडचा टेकू आहे का? दोन्ही टेकू वेगवेगळ्या व्यासांवर असतील तर रिंग आवळताना लेन्स वाकेल. तसं असेल तर आधी तेच बदल, मग सहनमर्यादांवर (टॉलरन्सवर) बोलू.

तुझा,
जुना मित्र