थंडीत कुंडीतील बहुवार्षिक झाडांची काळजी घेण्याबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील आपल्या बेळगावात हिम पडत नसले, तरी डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठा आणि कोरडा वारा जास्वंद, अनंत, अँथुरियम अशा झाडांना कुंडीत अधिक बाधतो, कारण तेथे मुळांना गारवा चहूबाजूंनी लागतो. म्हणून कुंड्या गच्चीच्या कठड्यावरून उतरवून भिंतीलगत, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी खेटून ठेवाव्यात, खाली विटा लावाव्यात आणि मातीवर उसाच्या पाचटाचा किंवा भाताच्या पिंजराचा दोन बोटे थर द्यावा. बुंधा मात्र मोकळा ठेवावा.

सर्वांत कळकळीची विनंती पाण्याबाबत आहे. संध्याकाळी पाणी घालू नये. गेल्या हिवाळ्यात माझा जुना अनंत त्यानेच गेला. माती वरून कोरडी दिसत होती, पण कुंडी उपडी केली तेव्हा तळाची मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली होती आणि त्यांना कुबट वास येत होता. बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली, तरच ऊन वर आल्यावर पाणी द्यावे.

मोगरा या दिवसांत पाने गाळतो. तो वाळला असे समजून कृपया उपटू नये. नवी फूट दिसेपर्यंत त्यास खतही देऊ नये.