धूर द्यायचाच असेल, तर आधी सांगून द्या

सन्माननीय डेव्ह अपथेग्रोव्ह,
भूमी आयुक्त, वॉशिंग्टन राज्य

स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, हे ठाऊक आहे. माझी मुलगी याचं इंग्रजी करून तुम्हाला पाठवील. पण वणव्यांबद्दल जे सांगायचंय ते मला माझ्या आईकडून मराठीतच कळलं, म्हणून आधी मराठीत.

२०२२ च्या ऑक्टोबरात आई मुळशीहून आमच्याकडे, सिॲटलजवळच्या रेडमंडला आली होती. मेपलची लाल पानं दाखवायची म्हणून मुद्दाम ते दिवस निवडले होते. १६ तारखेला सिॲटल विमानतळावर पारा ३१ अंशांवर गेला. एवढ्या उशिरा इतकं तापल्याची नोंदच नव्हती. "आमच्याकडे ऑक्टोबर हीटला निदान नाव तरी आहे," आई म्हणाली.

मग धूर आला. १० सप्टेंबरला स्कायकोमिशजवळ लागलेला बोल्ट क्रीकचा वणवा अजून धुमसत होता, कॅस्केड डोंगरांत इतरही वणवे पेटलेले होते, आणि पाऊस नव्हता. १९-२० तारखेला सिॲटलची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट ठरली. इथल्या कितीतरी घरांसारखंच आमच्याही घरात एसी नाही. खिडकी उघडली तर धूर, लावली तर उकाडा. शेवटी चौकोनी पंख्याला घर तापवायच्या यंत्राचा, हवा गाळायचा फिल्टर टेपने चिकटवला आणि आईला त्याच्यासमोर बसवलं. तिचा जन्म चुलीपुढे गेलेला. "चूल विझवता तरी येते," एवढंच ती बोलली. २१ तारखेला, वसुबारसेला, पाऊस आला. बाल्कनीत पणती लावून ती कितीतरी वेळ नुसती श्वास घेत उभी होती.

त्या रात्री तिनं राबाचं सांगितलं. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पाला, गवत पसरून भाजतात. भोवतीचं वाळलेलं गवत आधी काढायचं, वारा पडला की पेटवायचं, पाण्याचा हंडा जवळ ठेवायचा आणि शेजाऱ्याला सांगून ठेवायचं. राबाचा वणवा झालेलाही तिनं पाहिलाय. तो बहुतेक वेळा कुणीतरी घाई केल्यामुळे.

हे तुम्हाला नवं नाही. यकामा आणि कोलव्हिल या इथल्या मूळच्या जमाती शतकानुशतकं असंच सांभाळून जंगल जाळत आल्या. सरकारने ते थांबवलं आणि कॅस्केडच्या पूर्वेकडच्या जंगलांत वाळलेला पालापाचोळा व दाट झाडोरा साठत गेला. २०१७ मध्ये तुमच्याच नैसर्गिक संसाधन विभागाने वीस वर्षांत साडेबारा लाख एकर जंगल विरळ करून, ठरवून जाळून निरोगी करायचं ठरवलं. २०२० च्या सप्टेंबरात पूर्वेकडच्या मॉल्डन गावाची वणव्यात राख झाली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी विधिमंडळाने एकमताने आठ वर्षांसाठी पन्नास कोटी डॉलरची तयारी दाखवली. आणि २०२५ मध्ये तोच दोन वर्षांचा हप्ता साडेबारा कोटींवरून साधारण निम्म्यावर आणला. कात्री तुम्ही चालवली नाही, उलट पैशांसाठी तुम्हीच भांडताय, हे मान्य. म्हणूनच पत्र तुम्हाला.

एक कबूल करते. बोल्ट क्रीक आमच्या ओल्या, पश्चिमेच्या बाजूला होता, आणि तो माणसाच्या हातून लागला. तिथे राबाचा उपाय चालणार नाही. तिथे कोरड्या शरदात शेकोटीबंदी लवकर आणि कडक हवी. पण आमच्याकडे येणारा पुष्कळसा धूर डोंगरापलीकडून येतो. तिथे वसंतात ठरवून जाळलं तर थोडा धूर होईलच, आणि तक्रारीचे फोनही येतील. आमच्या सोसायटीतून सर्वांत आधी येतील, मी ओळखते या लोकांना.

तरी जाळा. मात्र दोन दिवस आधी फोनवर कळवा: कुठलं खोरं, कुठला दिवस, धूर कुणीकडे. दम्याची माणसं, लहान मुलं, इमारतींवर काम करणारे मजूर आपापली सोय बघतील. विधिमंडळापुढे पैसे मागायला जाल तेव्हा सोबत न्यायला हे पत्र चालेल; खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे.

आई पुन्हा यायचं म्हणतेय. ऑक्टोबरचं तिकीट काढू का, तेवढं कळवावं.

आपली,
एक रेडमंडकर