आधी पहिले 60 फूट

पुणे

प्रिय मन्या,

तुझ्या ड्रॅग रेसच्या दोन्ही टाइम स्लिपा, म्हणजे वेळेच्या छापील चिठ्ठ्या, नीट पाहिल्या. एका रनला 16.42 सेकंद, पुढच्याला 16.89, आणि तू विचारतोस की इंजिन दमलंय का, नवा कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) टाकू का. अरे, शेवटचा आकडा बघ ना! 402 मीटरच्या टोकाला दोन्ही वेळा वेग ताशी 134 किलोमीटरच आहे. म्हणजे इंजिनाने दोन्हीकडे सारखंच काम केलंय. वेळ गेला तो सुटताना. पहिले 60 फूट एकदा 2.31मध्ये, एकदा 2.62मध्ये. तिथे गेलेले तीन दशांश टोकाला पोचेपर्यंत जवळपास अर्धा सेकंद होतात. कॅमचे पैसे सध्या खिशातच राहू दे.

तुझी होंडा सिटी व्हीटेक पुढच्या चाकांवर ओढते. क्लच सोडला की वजन मागे जातं आणि नेमकी ओढणारी चाकंच हलकी होतात. म्हणून पुढच्या टायरमधल्या हवेवर माझा सगळा जोर आहे. पंपावर भरलेली हवा लाइनवर तेवढीच राहत नाही. टायर पाच-साडेपाच अंश तापला की साधारण 1 पीएसआय चढतो, आणि तू तर आधीच्या रनची गरमी, बर्नआउट (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं) आणि उन्हात भाजलेलं डांबर हे सगळं घेऊन उभा असतोस. स्वतःचा गेज ठेव. दर वेळी रांगेतल्या त्याच टप्प्यावर मोज. पुढे 24ने सुरुवात कर, मग एकेकाने खालीवर करून बघ. घरी निघताना मात्र हवा परत पुरती भरायची, विसरू नकोस.

बर्नआउटही रोज तेवढाच, क्लच सोडतानाचा आरपीएमही (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) तोच. आणि लाइनवर गाडी लावताना दुसरा पिवळा दिवा लागला की तिथेच थांब. सुरुवातीच्या रेषेवर आडवा प्रकाशकिरण असतो; चाक त्यातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं. तू दोन-चार इंच पुढे सरकलास तर गाडीत काही न बदलता 60 फुटांचा आकडा बदलतो.

आता हवामान. पुणं 560 मीटरवर, दाब 950 मिलिबारच्या आसपास. आंबी व्हॅलीची धावपट्टी त्याहूनही उंच. त्यात थंडीत सकाळी 15 अंश आणि दुपारी 32. एवढ्याने हवा पाच-सहा टक्के विरळ होते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच उतरते. तुझ्या रनमध्ये हा फरक पाव सेकंदाच्या पुढे जातो. सकाळची स्लिप दुपारच्या स्लिपेशी ताडून बघण्यात अर्थ नाही. दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडं ठेव, आणि पाण्याचा काटा दर वेळी त्याच खुणेवर आला की मगच लाइनला जा.

हे सगळं वहीत लिही: वेळ, तापमान, टायरमधली हवा, आरपीएम, टाकीत पेट्रोल किती. एका वेळी एकच गोष्ट बदल. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे, पण अमेरिकेत ब्रॅकेट रेसिंगवाले याच्यावरच जिंकतात. तिथे आपली वेळ आधी जाहीर करायची असते आणि त्याहून लवकर पोचलात तर बाद! तिथे नुसत्या वेगापेक्षा सारखेपणाला जास्त किंमत.

आणि एक कळकळीने सांगतो. हे प्रयोग रात्री बायपासवर करू नकोस. त्या रस्त्याने आपलीच माणसं घरी जात असतात.

सुटताना चाक थडथड उड्या मारतं म्हणालास ना, ते बहुधा इंजिन माउंटचं, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या आधारांचं, रबर गेल्यामुळे. रविवारी गाडी भोसरीला घेऊन ये. येताना नाना पेठेतून माउंटचा सेट आण, जुने इथे काढून बघू. चिरलेले निघाले तर त्याच दिवशी बदलून टाकू.

तुझा,
सुध्या