भुताच्या पुस्तकाविरुद्ध सही करण्याआधी ते वाचा

महोदय,

आमच्या वाचनालयाच्या बालविभागातून ‘भुताखेतांची पुस्तकं’ काढून टाकावीत, असा अर्ज काही पालकांनी दिला आहे. त्यात जोनाथन स्ट्राउड यांच्या ‘लॉकवूड अँड कंपनी’ मालिकेतला पहिला भाग, ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’, आहे. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, बुवाबाजीचे चमत्कार वर्गात करून दाखवून त्यातली चलाखी उघडी केली. म्हणूनच या पुस्तकाची बाजू घेते आहे.

गोष्टीतल्या लंडनमध्ये रात्री भुतं निघतात, त्यांचा स्पर्श जीव घेतो. ती नीट जाणवतात फक्त मुलांना. वय वाढलं की ही शक्ती जाते. म्हणून तलवार, लोखंडी साखळ्या आणि मीठ घेऊन रात्री घरांत शिरतात ती मुलं. पण लॉकवूड, लूसी आणि जॉर्ज ही त्यातली तीन मुलं काम कसं करतात ते पाहा. खोलीखोलीत थर्मामीटरने तापमान टिपायचं. भूत कोणत्या वस्तूला, हाडाला वा दागिन्याला, चिकटलं आहे ते शोधायचं. आणि त्याआधी जॉर्जने जुनी वर्तमानपत्रं चाळून त्या घराचा इतिहास काढायचा. एकदा लॉकवूड आणि लूसी जॉर्जचं काम पुरं होण्याआधीच निघतात आणि घराला आग लागते. त्याच घरात भिंतीआड एका तरुणीचे अवशेष सापडतात, आणि तिथून पुढे चालतो तो दडपलेल्या खुनाचा तपास. अंगारा नाही, मांत्रिक नाही. नोंदी, कागद, पुरावा.

अर्जात जादूटोणाविरोधी कायद्याचा दाखला दिला आहे. २०१३ सालचा तो कायदा फसवणाऱ्या आणि छळणाऱ्या भोंदूंसाठी आहे, कादंबरीसाठी नाही. नारायण धारपांचे ‘समर्थ’ आणि मतकरींच्या गूढकथा आम्ही रात्र रात्र वाचल्या. त्यापायी कुणी देवऋष्याकडे गेल्याचं मी पाहिलं नाही.

लूसीबद्दल मात्र सांगायलाच हवं. लंडनला येण्यापूर्वी एका गिरणीत तिच्या सोबतची मुलं जिवानिशी गेली, चूक वरिष्ठाची होती. पण चौकशीत तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. शनिवारी मी हे पुस्तक मुलांना वाचून दाखवते, अडेल तिथे मराठीत सांगते. हा भाग झाल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, मोठ्यांना दिसत नाही म्हणजे ते नसतंच का?” मग मुली बोलत राहिल्या. शाळेच्या वाटेवर त्रास देणाऱ्या पोरांबद्दल, घरी सांगूनही कुणी मनावर न घेतल्याबद्दल. त्या बोलण्यात भुताचं नावही आलं नाही. असं बोलतं करणारं पुस्तक आपण कपाटातून काढणार?

मालिकेचे पाच भाग आहेत, शेवटचा २०१७ साली आला. आमच्याकडे पहिलाच आहे आणि त्यासाठी मुलं नंबर लावून बसतात. वाचनालयाने अर्ज फेटाळावा आणि उरलेले चार भाग यंदाच्या अनुदानातूनच घ्यावेत. सही करणाऱ्या पालकांनी एखाद्या शनिवारी वाचनाला येऊन बसावं. त्यांच्या शंकांना तिथेच, मुलांसमोर उत्तरं द्यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कऱ्हाड