अमावास्येच्या रात्री चांदणं कुठून आलं?

संपादक महोदय,

'आता भुताला कोण भितो' असं म्हणून पडलेल्या मराठी भयपटांचं खापर प्रेक्षकांवर फोडायची सवय पडली आहे. मग २०१८ सालचा 'तुंबाड' सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरला लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला करून गेला, तो कुणाच्या जिवावर? भाषा हिंदी, पण वाडा सासवडचा आणि पाऊस आपल्याच घाटातला.

त्यातला खजिन्यावरचा राक्षस हस्तर दिसायला भयंकर आहेच, पण खरी मेख त्याच्या नियमांत आहे. तो धान्याचा भुकेला. म्हणून वाड्याच्या विहिरीतून खाली त्याच्याकडे उतरायचं, पिठाचं रिंगण आखून आत बसायचं, पिठाची बाहुली पुढे करायची आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा झाडून घ्यायच्या. एकदा हे कळलं की पुढच्या प्रत्येक फेरीला प्रेक्षकच मनात हिशेब करतो: रिंगण पुरं झालं का, बाहुली किती वेळ पुरेल? शेवटी बापलेक एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. हा धक्का बाहेरून आणलेला नाही, त्याच नियमातून निघालेला आहे.

आपल्या बहुतेक भयपटांत भूत मध्यंतराआधी भिंतीतून आरपार जातं आणि शेवटच्या रिळात त्याच भुताला आतून लावलेली कडी अडवते. वास्तविक आज्ज्यांनी नियम आयते करून ठेवलेत. मुंजा पिंपळावरचा, सोडमुंजेआधी गेलेला. हडळ बाळंतपणात गेलेली. चकवा वाट चुकवतो, अंगाला हात लावत नाही. पडद्यावर या सगळ्यांची भेळ होते, आणि सगळ्यांना एकच पांढरी लेन्स आणि मोकळे केस. त्यात 'अमावास्येची रात्र' म्हणायचं आणि अंगणात झाडांच्या रेखीव सावल्या पाडायच्या! निळा जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला दिवा उंचावर चढवला की रात्र झाली, हा आळस आहे. अमावास्येला कंदील, बॅटरी किंवा लांबच्या खांबावरचा एक बल्ब एवढाच उजेड ठेवा, बाकी काळं राहू द्या.

उसाच्या बाबतीत तर आपण नशीबवान. 'लपाछपी'ने (२०१७) हे ओळखलं, उसातलं घर भर दिवसाही अंगावर येतं. दहा फुटांवर गेलेल्या उसात शेंड्यावर वारं असतं आणि सरीत मात्र पान हलत नाही, नुसता उबारा. पुढचं दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पाचट कुणाच्या पायाखाली वाजतंय ते कळत नाही. बिबट्याच्या धास्तीने रात्री पाणी पाजायला जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण त्याच चित्रपटात शेवटाकडे स्त्रीभ्रूणहत्येचा विषय संवादांतून समजावून द्यायला लागतात तेव्हा बांधलेली भीती सैल पडते. विषय मोलाचा आहे, पण तो तोवर प्रेक्षकाच्या डोक्यात पोचलेला असतो.

विटा, तासगाव, कराडकडची पोरं हल्ली मोबाइलवर भुताच्या शॉर्टफिल्म करतात. चित्र बरं असतं, आवाज वाया गेलेला असतो. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, म्हणजे पात्र गप्प झालं की मागची सूंऽऽ वर येते आणि शांतता मरते. हे 'ऑटो' बंद करून बोलण्याची पातळी रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती जागा रेकॉर्ड करावी, संकलनात तीच सांधे बुजवते. बल्ब-ट्यूबखाली शटर सेकंदाच्या १/५० वर बांधावं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/६० वर चित्रात पट्टे पळतात आणि भुताऐवजी तेच दिसतात.

दचकवणं वाईट नव्हे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये पाठलाग होणाऱ्या बाईच्या शेजारी बस येऊन थांबते, तिच्या ब्रेकचा फुस्सकारा श्वापदाचा वाटतो आणि काळजाचा ठोका चुकतो. (आपल्या एस.टी.चा एअर ब्रेकही कमी नाही.) ते चाललं कारण आधी पावलांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. आपल्याकडे पार्श्वसंगीत आधीपासूनच बडवत असतं, मग दणका द्यायला वर जागाच उरत नाही.

मांत्रिकाबद्दल थोडंच. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यात बसून तेच करणारा मांत्रिक तारणहार म्हणून पाहायचा, हे खटकतं. शिवाय तो आला की नायिकेला काही करायला उरतच नाही.

आता थिएटर. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण होतं ते फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) ७ वर, म्हणजे प्रत्येक मुख्य स्पीकर ठरलेल्या चाचणीत ८५ डेसिबल देतो तिथे. दणके कानठळ्या बसवतात, लोक तक्रार करतात, ऑपरेटर फेडर साडेचारवर आणतो आणि पुढचे सगळे खेळ तिथेच चालतात. दणका तरीही ऐकू येतो, जातात ते कुजबुज, पाचटाची खसखस, दाराचा कुरकुर आवाज. मग निर्माता पुढच्या चित्रपटात दणके आणखी वाढवायला सांगतो. उजेडाचंही तेच. पडद्यावर मधोमध १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड हवा, प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा जुना झाला की तो घसरत जातो. विनोदी चित्रपटात हे खपून जातं, भयपटात अंधारातलं अर्धं चित्र नाहीसं होतं आणि उरलेल्यावर दाराच्या फटीतून पार्किंगचा उजेड पडतो. सांगली-साताऱ्याच्या थिएटरचालकांनी भयपट लावण्याआधी दिव्याचे तास तपासावेत. आणि प्रेक्षकांनी मध्यंतरात नुसतं 'आवाज कमी करा' म्हणण्याऐवजी फेडर कितीवर आहे ते विचारावं.

– एक प्रेक्षक, विटा (जि. सांगली)